दहा मिनिटांची मुदत

विजापूर वेशीतल्या चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी मला विचारतंच, "तुझं नेमकं काम काय रे?" 'कॉम्प्युटरचं' म्हटलं की समोरचा खिशातून मोबाइल काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅप का अडकतंय ते बघायला सांगतो. अब्बांची तक्रार वेगळी. ते आयुष्यभर यंत्रमागावर राबले, त्यातली बरीच वर्षं जॉबर म्हणून. माग बंद पडला की कामगार हाक मारायचा, अब्बा उठून जायचे, नुसता आवाज ऐकून कुठे बिघडलंय ते सांगायचे. त्यांच्या लेखी काम म्हणजे उठून जायची गोष्ट. मी रात्री दोन वाजता मागच्या खोलीत काळ्या पडद्यासमोर बसलेला दिसलो की म्हणतात, "ये कैसी नौकरी है बेटा, जिसमें जानेकाच नै?"

हल्ली मी त्यांना वेशीचं सांगतो. आपल्या गावात विजापूर वेस आहे, तुळजापूर वेस आहे, बाळीवेस आहे. दरवाजांची गरज कधीच संपली, चौक आणि नावं उरलीत. पण वेस म्हणजे काय हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. आत कोण येणार आणि कोण नाही हे जिथे ठरतं ती जागा. बँकेच्या, दवाखान्याच्या, कारखान्याच्या कॉम्प्युटरांचंही आतलं एक गाव असतं. बाहेर सगळं इंटरनेट पसरलेलं. मधली वेस म्हणजे फायरवॉल. मी त्या वेशीचा राखणदार. वेस लातूरला आहे, दुसरी कोल्हापूरकडे आहे, आणि राखणदार सोलापुरात घरी लुंगीवर बसलाय, एवढाच फरक.

हे काम सोलापुरात बसून करता येईल असं मला सुरुवातीला वाटलं नव्हतं. इथला मुलगा शिकला की पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जातो. मीही गेलो. नोकरी बरी होती, खोली मिळेना. फोनवर सगळं ठरायचं, भाडं, अनामत, पाण्याची वेळ. मग नाव विचारलं जायचं, आणि खोली कालच गेलेली असायची. पाचव्यांदा असं झाल्यावर मी हसायला लागलो. पुढे अब्बांचे गुडघे गेले आणि परत यायला कारण मिळालं.

मी परत आलो तेव्हा काम इकडे यायला लागलं होतं, त्यालाही एक कारण होतं. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. कार्डाचा व्यवहार मंजूर करायचा की नाही हे सांगणारी जी यंत्रणा असते, तिच्याऐवजी चोरांनी स्वतःची खोटी यंत्रणा उत्तर देण्यासाठी बसवली होती. ती प्रत्येक मागणीला हो म्हणत राहिली. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. वर १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्टच्या मार्गाने हाँगकाँगला गेले. एवढी जुनी, एवढी मोठी बँक. मग गल्लीतल्या पतसंस्थेचं काय, असा प्रश्न सगळ्यांनाच पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. सहकारी संस्थांनी भरलेल्या आपल्या भागात अचानक वेशीवर माणसं लागू लागली. आणि दर खेपेला पुण्याहून गाडी करून माणूस बोलावणं कुणालाच परवडत नाही. दुरून काम करणारा स्वस्त पडतो.

दुरून म्हणजे कसं, ते थोडं सांगतो. माझ्याकडे चित्रं नसतात, बटणं नसतात. काळी खिडकी, एक लुकलुकती रेघ, आणि मी एकेक आदेश टाइप करतो. पूर्वी हे टेलनेट नावाच्या पद्धतीने चालायचं. त्यात तुमचा पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. मधला कुणीही वाचू शके. १९९५मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असंच झालं. विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपत बसलं होतं. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने वैतागून एक नवी पद्धत लिहिली, सिक्युअर शेल, म्हणजेच एसएसएच. त्यात सगळं बोलणं कुलूपबंद पाकिटातून जातं. दारांचे क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला त्याने सरळ पत्र पाठवून २२ हा क्रमांक मागितला, कारण २१वर फाइल पाठवण्याची सोय होती, २३वर टेलनेट, आणि मधला मोकळा होता. त्याला तो मिळालाही. आपल्याकडे दुकानाचा गाळा एवढ्या सहज मिळत नाही.

पण पाकीट कुलूपबंद असलं तरी ते योग्य माणसाच्या हातात पडतंय का, हा प्रश्न राहतोच. एसएसएचने पहिल्यांदा जोडणी केली की ते एक लांबलचक अक्षरमाळ दाखवतं, पलीकडच्या मशीनच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा, आणि विचारतं, "याला मी ओळखत नाही. पुढे जाऊ?" बहुतेक लोक न वाचता 'येस' टाइप करतात. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते तसं करू द्यायचे नाहीत. समोरच्या कचेरीत फोन लाव, तिथल्या माणसाला मशीनला जोडलेल्या पडद्यावरचा ठसा वाचायला सांग, अक्षर न अक्षर जुळव, मगच आत जा. एका पतसंस्थेतल्या वसुली विभागाच्या काकांनी मला असा ठसा वाचून दाखवला होता. "मोठा के. लहान एम. सात. मग आडवी... नाही हो, तिरकी रेघ. मोठा झेड, झेब्य्राचा." चाळीस-एक अक्षरं झाल्यावर ते म्हणाले, "आमच्या कर्जदारांची एवढी चौकशी केली असती तर बरं झालं असतं."

आत गेल्यावर जे असतं ते नियमांची यादी. वलीम्याच्या दारात बसवलेल्या मामूसारखी फायरवॉल ती यादी वरून खाली वाचते. आलेला पाहुणा ज्या ओळीत पहिल्यांदा बसतो, तिथेच निकाल लागतो. खालच्या ओळी वाचल्याच जात नाहीत. म्हणून 'सगळ्यांना सोडा' ही ओळ चुकून वर गेली की खालचे पन्नास नियम नुसती शोभा. आणि 'कुणालाच सोडू नका' ही ओळ सगळ्यात शेवटी असावी लागते. वर ज्यांची नावं आहेत ते आत, बाकी सगळे बाहेर. बरोबर लिहिलेल्या यादीत बंद हा शेवटचा शब्द असतो.

आता गंमत बघा. मी ज्या वेशीचे नियम बदलतोय, त्याच वेशीतून मी आत आलेलो असतो. माझ्यासाठी दुसरा दरवाजा नाही. यादीतली एखादी ओळ म्हणते की सोलापूरच्या या पत्त्यावरून येणाऱ्याला २२ नंबरच्या दारातून घ्या, आणि त्या एका ओळीवर मी उभा असतो. लहानपणी शेखचिल्लीची गोष्ट ऐकली होती, ज्या फांदीवर बसला तीच तोडणाऱ्याची. या धंद्यात रोज त्या फांदीवर बसून रोज कुऱ्हाड चालवायची असते.

फांदी तुटलेली मी लातूरला पाहिली. एका खाजगी दवाखान्यातून सकाळी सहाला फोन आला. त्यांच्याशी माझा तोवर संबंध नव्हता, कुणाच्या तरी ओळखीने नंबर मिळवला होता. त्यांचं काम पाहणाऱ्या ठेकेदाराने रात्री दुसऱ्या शहरातल्या घरून नियम नव्याने लिहायला घेतले होते. पद्धत कागदावर अगदी बरोबर होती. जुनी यादी पुसायची, आधी सगळं बंद करायचं, मग एकेक दार उघडत जायचं. त्याने यादी पुसली, 'सगळं बंद'चा आदेश दिला, आणि तो आदेश मशीनने तत्काळ पाळला. पुढच्या ओळी टाइप करणारा हात आता बाहेर होता. दवाखान्याच्या दोन इमारतींमधली ये-जाही त्याच डब्यातून व्हायची, ती पण गेली. मग तो गृहस्थ सकाळी बघू म्हणून झोपला असावा, कारण फोन उचलत नव्हता.

मी केबल पिशवीत टाकली आणि एसटी पकडली. तुळजापूर, औसा, लातूर. तीन तासांचा रस्ता. डेंग्यूचे दिवस होते. प्रयोगशाळा एका इमारतीत, रुग्ण दुसऱ्या. प्लेटलेटचे आकडे एरवी पडद्यावर यायचे, त्या सकाळी वॉर्डबॉय चिठ्ठ्या घेऊन मधला रस्ता ओलांडत होते. जिन्याखालच्या खोलीत, इन्व्हर्टरशेजारी, तो डबा शांतपणे दिवे लुकलुकवत बसला होता. मशीनच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नव्हतं. त्याला बंद सांगितलं, त्याने बंद ठेवलं. केबल थेट डब्याला लावून मी अकरा मिनिटांत आवश्यक दारं उघडली.

निघताना रात्रपाळीच्या नर्सबाई भेटल्या. कुणाचं काही वाईट झालं नव्हतं, आणि त्याचं श्रेय त्यांच्या वहीला होतं. पडदा गेल्यावर त्यांनी वाट न बघता वही काढली, रकाने आखले, प्रत्येक रुग्णाचा आकडा आणि वेळ हाताने लिहिली. मला त्यांनी एवढंच विचारलं, "ज्यांनी बंद केलं त्यांना इथं काय चाललंय ते दिसत नव्हतं का?" मी म्हणालो, नाही, दिसत नाही. त्यांना ते पटलं नाही. मलाही ते उत्तर देताना बरं वाटलं नाही, कारण माझ्या खोलीतूनही काही दिसत नाही. अब्बा मागाजवळ जाऊन उभे राहायचे. मला कमांड लाइनवर दिसतो तो फक्त माझा आदेश आणि त्याखाली नवी रेघ. आदेशाने पलीकडे काय झालं याचा आवाज येत नाही.

यावर या धंद्यातल्या जुन्या लोकांनी एक उपाय काढून ठेवलाय, तो मला फार आवडतो. सिस्कोच्या उपकरणांत दोन याद्या असतात: एक आत्ता चालू असलेली, एक साठवून ठेवलेली. मी टाइप करतो ते चालू यादीत जातं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की ते साठवलेली यादी वाचतं. तेव्हा कुऱ्हाड उचलण्याआधी मी एक आदेश देतो, 'रीलोड इन १०'. अर्थ असा की दहा मिनिटांनी, मी काही बोललो नाही तर, स्वतःला बंद करून पुन्हा सुरू हो. मग नियम बदलतो. मी अजून आत असेन आणि समोरचा माणूस फोनवर 'सगळं चालतंय' म्हणाला, तर 'रीलोड कॅन्सल' म्हणायचं आणि नवी यादी साठवायची. मी बाहेर फेकला गेलो असेन तर चहा प्यायचा. दहा मिनिटांनी मशीन उठून जुनी यादी लावतं आणि माझी ओळ परत येते. मशीन सुरू होईपर्यंत सगळ्यांचं काम थांबतं खरं, पण एसटीच्या तीन तासांपेक्षा ते बरं.

जुनिपर कंपनीच्या उपकरणांत याहून सुबक सोय आहे, 'कमिट कन्फर्म्ड'. बदल लागू होतो, पण कच्चा. दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा येऊन पक्कं केलं नाही तर मशीन बंद न पडता आपोआप जुन्या नियमांवर जातं. लिनक्सवर 'आयपीटेबल्स-अप्लाय' आहे. ते तर एरवी दहा सेकंदच थांबतं आणि विचारतं, अजून आहेस ना? तिन्हींमागचा विचार एकच. उत्तर आलं नाही, तर मशीन 'ठीक असेल' असं धरत नाही. बाहेर राहिलेल्याचं बोलणं ऐकू येणार नाही हे त्याने आधीच गृहीत धरलेलं असतं, म्हणून शांततेचा अर्थ ते 'बिघडलंय' असा घेतं.

हे मला नीट कळलं ते मात्र फायरवॉलमुळे नाही. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून तणाव वाढला, जमाव रस्त्यावर आला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करण्यात आलं. त्या बाजूची एक फाउंड्री माझ्याकडे आहे. फायबरची लाइन रस्त्याच्या खोदकामात दोन दिवस आधीच तुटलेली, सगळं काम सिमकार्डाच्या मोडेमवर चाललं होतं. ते सिम म्हणजे माझी मागची वाट, अडचणीसाठी ठेवलेली. माझ्या पडद्यावर ती लाल झाली. मालकांचा फोन आला. माल भरून ट्रक फाटकात उभा, ई-वे बिल निघत नाही, त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. "तुम्हाला तिथून काही करता येईल का?" मी म्हणालो, ही वेस माझ्या हातातली नाही.

घरात वेगळाच फोन चालू होता. अम्मीची बहीण, आमची खाला, कोल्हापुरात राहते. साधे फोन लागत होते, तेवढं नशीब. अम्मी दर अर्ध्या तासाला नंबर फिरवायची, एकच प्रश्न, "सब ठीक?" आणि पलीकडून खाला दर वेळी, "ठीक है, तू रोटी खाई क्या?" व्हॉट्सअ‍ॅप बंद असल्याने तिच्या गल्लीबद्दल जे काही सोलापुरात फिरत होतं, त्यावर 'अरे, मी इथेच आहे, असं काही नाही' म्हणणारं कुणी ऑनलाइन नव्हतं. इंटरनेट बंद केलं की अफवा थांबते, असं सांगतात. थोडी थांबतही असेल. पण तिला खोटं ठरवणाराही त्याच वेळी थांबतो, आणि अफवेला दुसरं गाव मोकळंच असतं.

पोलिसांवर त्या दिवशी काय वेळ असेल, याची मला कल्पना आहे. रस्त्यावर जमाव असताना मी त्या खुर्चीत असतो तर मीही बंदचाच आदेश दिला असता, असं अब्बा म्हणाले. मी वाद घातला नाही. माझी अडचण बंद करण्याशी नाही, बंद कसं केलं जातं त्याच्याशी आहे. ट्रक, ई-वे बिल, खाला, सगळे एकाच ओळीखाली. वरच्या ओळींत कुणाचंच नाव नाही. यादीत पहिलीच ओळ 'कुणालाच सोडू नका'.

कायद्याला दहा मिनिटांसारखं काही माहीत आहे का, म्हणून मी नंतर शोधलं. आहे. सेवा बंद करण्याचे नियम २०१७मध्ये आले. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९पासून इंटरनेट बंद होतं, त्यावर 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२०च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश जाहीर करावे लागतील, बंदी गरजेपुरतीच असावी, आणि तिचा ठरावीक दिवसांनी फेरविचार व्हावा. त्याच वर्षी नोव्हेंबरात नियमांत मर्यादा घातली गेली, एक आदेश जास्तीत जास्त १५ दिवस. २०२४च्या नव्या नियमांतही ती राहिली. वाचून मला खरंच आनंद झाला. कुणीतरी 'कमिट कन्फर्म्ड' लिहिलंय की. मग फेरविचार कोण करतं ते वाचलं. राज्याच्या मुख्य सचिवांची समिती, सोबत आणखी दोन सचिव. म्हणजे दार लागल्यावर 'अजून चालतंय ना?' हे आतल्यांनीच आतल्यांना विचारायचं. माझं मशीन अडाणी असेल, पण ते बाहेर राहिलेल्याच्या उत्तराची वाट बघतं.

कोल्हापूरच्या त्या दिवसानंतर मी माझ्या ग्राहकांना एक अट घालतो. दुसरी वाट सिमची नको. तारेचीच हवी, दुसऱ्या कंपनीची, आणि जमलं तर दुसऱ्या रस्त्याने आलेली. मालक खर्चावरून कुरकुरतात, मग मी त्यांना ट्रकची गोष्ट सांगतो. शिवाय प्रत्येक डब्याशेजारी प्लॅस्टिक चढवलेला एक कागद चिकटवलेला असतो, मराठीत, मोठ्या अक्षरांत: कोणती केबल कुठे लावायची, कोणत्या नंबरवर साधा फोन करायचा, पडद्यावर काय दिसलं तर काय वाचून दाखवायचं. पहारेकऱ्याला वाचता यावा असाच लिहिलाय. लातूरच्या दवाखान्यात आता माझं काम आहे, तिथल्या कागदावर शेवटी एक ओळ नर्सबाईंनी स्वतः पेनने जोडली आहे: वही दुसऱ्या खणात.

सध्या माझ्या चुलतबहिणीला हे काम शिकवतोय. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझ्यापेक्षा वेगाने टाइप करते आणि प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारते. परवा घरातल्या जुन्या राउटरवर तिला 'रीलोड इन १०' टाइप करायला लावलं, तर म्हणाली, "भाईजान, दहाच का? नियम तपासायला दोन मिनिटं लागतात. पाच ठेवू की." मी म्हणालो, तपासायचं म्हणजे समोरच्या माणसाला फोन करायचा, आणि तो नेमका जेवायला बसलेला असतो. तो हात धुणार, जिन्याखाली जाणार, चष्मा शोधणार. तिने थोडा विचार केला आणि पंधरा टाइप केलं.